जर्मनीतल्या तांत्रिक विद्यापीठात प्रवेश: पात्रता, भाषेची अट आणि कागदांचा क्रम

"माझा सीजीपीए ७.४ आहे, होईल का?" जर्मनीला इंजिनिअरिंग शिकायला जायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हा असतो. तिथली तांत्रिक विद्यापीठं मात्र गुणांकडे तिसऱ्या पायरीवर बघतात. आधी बघतात ते हे, की तुमचं आजवरचं शिक्षण जर्मन नियमांनुसार प्रवेशाला पात्र आहे का. मग बघतात, तुम्ही शिकलेले विषय त्यांच्या अभ्यासक्रमाला पुरेसे आहेत का. गुणांची तुलना त्यानंतर. भाषेची अट या सगळ्याला समांतर चालते आणि तिच्यात तडजोड नसते: मागितलेली पातळी आहे किंवा नाही. सीजीपीए ९.५ असला तरी अपुऱ्या भाषेची भरपाई होत नाही.

कागदांचंही तसंच. एक कागद हातात आल्याशिवाय पुढचा मागता येत नाही, आणि प्रत्येकाला आठवडे लागतात. म्हणून ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या हिवाळी सत्राला जायचं असेल तर तयारी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू करा. जर्मन माध्यमातून शिकायचं असेल तर त्याहूनही बरंच आधी.

आधी विद्यापीठ ओळखा

नऊ जुन्या आणि मोठ्या तांत्रिक विद्यापीठांचा टीयू ९ (टीयू म्हणजे तांत्रिक विद्यापीठ) नावाचा गट आहे: आरडब्ल्यूटीएच आखेन, टीयू बर्लिन, टीयू ब्राउनश्वाइग, टीयू डार्मश्टाट, टीयू ड्रेस्डेन, लाइबनित्स विद्यापीठ हानोफर, कार्ल्सरूहची केआयटी, टीयू म्युनिक आणि श्टुटगार्ट विद्यापीठ. ही सगळी सरकारी आहेत. या नऊखेरीजही चांगली तांत्रिक विद्यापीठं आहेत. शिवाय उपयोजित शिक्षणावर भर देणाऱ्या होखशुले असतात, त्यांचे नियम थोडे वेगळे.

फीबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे सगळीकडे खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे केआयटी आणि श्टुटगार्टला, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. टीयू म्युनिकने २०२४-२५ पासून फी सुरू केली: बॅचलर्सला सत्रामागे २,००० ते ३,००० युरो, मास्टर्सला ४,००० ते ६,००० युरो. आखेन, बर्लिन, ड्रेस्डेन, डार्मश्टाट अशा ठिकाणी नेहमीच्या अभ्यासक्रमांना शिकवणीची फी नाही, फक्त सत्राचं अंशदान असतं, साधारण १०० ते ३५० युरोच्या दरम्यान.

एखादी कन्सल्टन्सी तुम्हाला सरकारी विद्यापीठ सोडून सारखं एकाच खासगी संस्थेकडे वळवत असेल, तर तिला त्या संस्थेकडून मोबदला मिळतो का हे स्पष्ट विचारा. सरकारी विद्यापीठांचे अर्ज स्वतः भरता येतात, मध्यस्थाची गरज नसते.

बारावीनंतर थेट जायचं असेल तर

नुसती बारावी, मग ती महाराष्ट्र बोर्डाची एचएससी असो, गोवा बोर्डाची की सीबीएसईची, जर्मन विद्यापीठात थेट प्रवेशाला पुरत नाही. पुढचे तीन रस्ते आहेत.

पहिला, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असणं. मेन नव्हे, अ‍ॅडव्हान्स्ड. त्यावर बारावीसह तांत्रिक आणि निसर्गविज्ञानाच्या शाखांत थेट अर्ज करता येतो.

दुसरा, भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचं किमान एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणं. "यशस्वीपणे" हा शब्द नीट वाचा. पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला आणि एटीकेटीवर दुसऱ्या वर्षात गेलात, तर आपल्याकडे वर्ष पुढे सरकतं, पण जर्मनीच्या हिशेबात पहिलं वर्ष पूर्ण झालेलं नसतं. तो विषय सुटेपर्यंत थांबा. शिवाय ही पात्रता शाखेला बांधलेली असते, बी.कॉम.चं एक वर्ष करून मेकॅनिकलला अर्ज करता येत नाही.

तिसरा रस्ता श्टुडिएनकोलेगचा. हा विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम साधारण दोन सत्रांचा असतो. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांनी टी-कोर्स घ्यायचा, त्यात गणित, भौतिकी, रसायन आणि जर्मन असतं. आत जायलाच प्रवेश परीक्षा असते: जर्मन बी१ किंवा बी२ पातळीचं (युरोपीय पट्टीवर भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात), शिवाय टी-कोर्सला गणिताचा पेपर. शेवटी फेस्टश्टेलुंग्सप्र्यूफुंग ही परीक्षा होते. ती नापास झाल्यास एकदाच पुन्हा देता येते. टीयू बर्लिन, टीयू डार्मश्टाट आणि केआयटी यांची स्वतःची श्टुडिएनकोलेग आहेत.

यात फसगत होते ती गणितामुळे नव्हे, जर्मनमुळे. आपल्या बारावीचं गणित प्रवेश परीक्षेला पुरतं, पण प्रश्न जर्मनमध्ये असतो. "दोन सलग संख्यांच्या वर्गांतला फरक" असं वाक्य जर्मनमध्ये वाचून समीकरण मांडता आलं पाहिजे. घरी बसून जर्मन गणिती शब्दांची यादी पाठ करणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणि एक लक्षात असू द्या: सरकारी तांत्रिक विद्यापीठांतले बॅचलर्स जवळपास सगळे जर्मन माध्यमात आहेत. इंग्रजीतले अभ्यासक्रम मुख्यतः मास्टर्सला.

पदवीनंतर: विषयांचा मेळ

बी.ई., बी.टेक. केलेल्यांनी सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा.

प्रथम आनाबिन या जर्मन सरकारी माहितीकोशात आपलं विद्यापीठ शोधा. तिथे प्रत्येक संस्थेपुढे एच प्लस, एच प्लस-मायनस किंवा एच मायनस असा शेरा असतो. एच प्लस असेल तर संस्था मान्य. कॉलेजचं नाव सापडलं नाही म्हणून घाबरू नका. पदवी विद्यापीठ देतं, त्यामुळे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ असं विद्यापीठाचं नाव शोधायचं. कॉलेज स्वायत्त असलं तरी पदवी प्रमाणपत्रावर कोणाचं नाव आहे तेच बघा.

मग ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा त्याची नियमावली उघडा. जर्मन मास्टर्स बहुतेक करून बॅचलर्सच्या पुढचा टप्पा म्हणून रचलेले असतात आणि पूर्वीच्या शिक्षणात कोणत्या विषयाचे किती क्रेडिट हवेत हे तिथे लिहिलेलं असतं: गणित अमुक, तांत्रिक यांत्रिकी अमुक, उष्मागतिकी अमुक. कॉम्प्युटर सायन्सला सैद्धांतिक संगणकशास्त्राचे क्रेडिट हमखास मागतात, आणि आपल्याकडच्या आयटी शाखेत नेमकं तेच कमी पडतं. थिअरी ऑफ कम्प्युटेशन, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, अल्गोरिदम्स असे विषय झाले असतील तर ते ठळकपणे दाखवा.

क्रेडिटची पद्धत वेगळी असल्याने इथे गोंधळ होतो. युरोपीय पद्धतीत, म्हणजे ईसीटीएसमध्ये, एक पूर्ण वर्ष ६० क्रेडिटचं आणि एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या कामाचा. त्यात तासिका आणि घरचा अभ्यास दोन्ही धरतात. चार वर्षांची पदवी म्हणून २४० होतात. तुमच्या पदवीचे एकूण क्रेडिट १६० असतील तर अंदाजासाठी २४० भागिले १६०, म्हणजे १.५ ने गुणा. आपला ४ क्रेडिटचा विषय तिथे साधारण ६ चा. अंतिम हिशेब विद्यापीठच करतं, म्हणून फॉर्ममध्ये स्वतः काढलेला आकडा एकटा लिहू नका. मूळ क्रेडिट, आठवड्याचे तास आणि मग रूपांतर, असं तिन्ही द्या.

त्यासाठी विषयांचं वर्णन लागतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम उतरवून घ्या, पण तुम्ही ज्या पॅटर्नमध्ये शिकलात त्याचाच. पुणे विद्यापीठात २०१५ आणि २०१९ असे वेगवेगळे पॅटर्न आहेत. गुणपत्रिकेवर एक विषय-संकेतांक आणि जोडलेल्या अभ्यासक्रमात दुसरा, असं झालं की तपासणारा तो विषय मोजतच नाही. तीनशे पानांची पीडीएफ जशीच्या तशी जोडू नका. लागणारी पानं काढा, आणि पहिल्या पानावर एक तक्ता करा: त्यांचा मागितलेला विषय, त्यासमोर तुमचा विषय, क्रेडिट, अभ्यासक्रमातलं पान. हा तक्ता करायला दोन संध्याकाळ लागतील, पण अर्जात त्याच्याइतका उपयोगी दुसरा कागद नाही. तो करतानाच कळतं की हा अभ्यासक्रम आपल्यासाठी नाही, आणि अर्जाचे पैसे वाचतात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. तुमच्या पदवीच्या ट्रान्सक्रिप्टवर पहिल्या वर्षाचं गणित आणि भौतिकी दिसतच नाही. तपासणाऱ्याला ती पदवी तीन वर्षांची वाटते. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, डिप्लोमा प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळाल्याचं कॉलेजचं पत्र, हे तिन्ही एकत्र जोडा.

तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर मास्टर्स मिळणं विद्यापीठावर आणि अभ्यासक्रमावर अवलंबून आहे. कुठे चालतं, कुठे नाही. अर्जाआधी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

काही ठिकाणी वरून आणखी परीक्षा असतात. टीयू म्युनिकच्या काही अभ्यासक्रमांना भारतीय पदवीधरांकडून जीआरई किंवा गेटचा स्कोअर लागतो, आखेनच्या काही अभ्यासक्रमांना जीआरई. म्युनिकमध्ये बऱ्याच मास्टर्सना दोन टप्प्यांची योग्यता तपासणीही होते: पहिल्यात विषय, गुण आणि लेखी निवेदन यांना गुण मिळतात, मधल्या गटातल्यांना दुसऱ्या टप्प्यात मुलाखत किंवा चाचणी.

गुणांचं जर्मन रूपांतर

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. रूपांतर सुधारित बव्हेरियन सूत्राने होतं:

जर्मन श्रेणी = १ + ३ × (कमाल गुण − तुमचे गुण) ÷ (कमाल गुण − उत्तीर्ण होण्याचे किमान गुण)

सीजीपीए १० पैकी ७.० आणि किमान उत्तीर्ण ४ असेल तर: १ + ३ × ३ ÷ ६ = २.५. हाच सीजीपीए, पण किमान उत्तीर्ण ५ धरलं तर: १ + ३ × ३ ÷ ५ = २.८. एकाच गुणपत्रिकेवर ०.३ चा फरक पडतो, आणि २.५ ही मर्यादा असलेल्या अभ्यासक्रमात तोच निकाल ठरवतो. म्हणून श्रेणींचा तक्ता, म्हणजे कोणत्या श्रेणीला किती गुणांक आणि सर्वांत खालची उत्तीर्ण श्रेणी कोणती, हा छापील पुरावा जोडलाच पाहिजे. बहुतेकदा तो गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला असतो आणि स्कॅन करताना मागची बाजू राहून जाते. दोन्ही बाजू स्कॅन करा.

नापास झालेले प्रयत्न लपवू नका. केटी लागली असेल तर त्या सत्राच्या सर्व गुणपत्रिका लागतात, नापासाचीही.

भाषा: जर्मन माध्यमासाठी

जर्मनमधून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाला साधारण सी१ पातळी हवी, आणि तीही ठरावीक परीक्षांनीच सिद्ध करावी लागते. सर्वत्र चालणारे पुरावे हे:

डीएसएच परीक्षेत डीएसएच-२. ही परीक्षा विद्यापीठं स्वतः घेतात, त्यामुळे बहुतेकदा जर्मनीतच द्यावी लागते. ५७ टक्क्यांना डीएसएच-१, ६७ ला डीएसएच-२ आणि ८२ ला डीएसएच-३.

टेस्टडाफ: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण अशा चारही भागांत पातळी ४. ही परीक्षा भारतातूनही देता येते. ५, ५, ४, ३ असे गुण आले तर बेरीज १७ होते, तरी एका भागात ३ असल्याने बहुतेक विद्यापीठं ती नाकारतात. काही ठिकाणी बेरीज १६ चालते, पण त्या भरवशावर राहू नका. कमजोर भागावरच जास्त तयारी करा. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा तो भाग बहुधा श्रवण किंवा संभाषण असतो.

टेल्क सी१ होखशुले. यातला होखशुले हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण साधी टेल्क सी१ ही वेगळी परीक्षा आहे आणि ती हमखास चालेलच असं नाही.

गोएथे या जर्मन भाषा-संस्थेची सी२. तिचीच सी१ काही विद्यापीठं स्वीकारतात, काही नाही. आधी बघून मगच परीक्षेचे पैसे भरा.

किती वेळ लागेल? गोएथे संस्थेच्या अंदाजानुसार बी२ ला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका आणि सी१ ला ८०० ते १,०००. पुण्या-मुंबईच्या माक्स म्युलर भवनात (गोएथे संस्थेचं भारतातलं नाव) नोकरी किंवा कॉलेज सांभाळून फक्त शनिवार-रविवारचा वर्ग केला, तर सी१ पर्यंत काही वर्षं जातात. रोजचा सघन वर्ग घेतला तर साधारण वर्ष-सव्वा वर्ष धरा. "सहा महिन्यांत सी१" म्हणणाऱ्या क्लासला टेस्टडाफचे निकाल दाखवायला सांगा.

भाषा अपुरी असेल तर काही विद्यापीठं सशर्त प्रवेश देतात: आधी जर्मनीत भाषेचा वर्ग, मग डीएसएच, मग खरा प्रवेश. त्यात व्हिसासाठी दरमहा दाखवायची रक्कम थोडी वाढते आणि परीक्षा न जमल्यास जागा जाते. बी२ हातात असल्याशिवाय हा मार्ग धरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाषा: इंग्रजी माध्यमासाठी

आयईएलटीएस ६.५ किंवा टोफेल ८८ ते ९० ही बहुतेक ठिकाणची पातळी; टीयू म्युनिकला ६.५ आणि ८८. आयईएलटीएसचा अकॅडेमिक प्रकार द्यायचा, जनरल नव्हे. दोन्ही निकाल दोन वर्षं वैध असतात, आणि बघितलं जातं ते अर्जाच्या तारखेला वैध आहेत का. टोफेलची गुणपद्धत २०२६ च्या जानेवारीपासून १ ते ६ अशी झाली आहे. संक्रमणकाळात जुन्या पट्टीवरचे गुणही निकालपत्रावर येतात, ते दोन्ही दिसतील अशी प्रत जोडा.

कॉलेजने दिलेलं "शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं" हे पत्र काही विद्यापीठं मानतात, बरीच मानत नाहीत. घरून दिलेल्या टोफेलचं आणि ड्युओलिंगोचंही तसंच. अर्ज चार-पाच ठिकाणी करणार असाल तर एकदाच केंद्रावर जाऊन आयईएलटीएस देणं हा सुटसुटीत मार्ग.

इंग्रजी अभ्यासक्रम असला तरी जर्मन शिकूनच जा. म्युनिकच्या काही इंग्रजी मास्टर्सना पहिल्या वर्षात मूलभूत जर्मन पूर्ण केल्याचा पुरावा द्यावा लागतो. पण नियम नसता तरी सांगितलंच असतं. घराचा करार, नगरपालिकेची पत्रं, डॉक्टरची वेळ, अर्धवेळ काम, आणि पुढे इंटर्नशिप, सगळं जर्मनमध्ये चालतं. ए२ घेऊन गेलेला आणि काहीच न शिकता गेलेला यांच्या पहिल्या सहा महिन्यांत मोठा फरक असतो.

एपीएस: पहिला सरकारी कागद

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी-व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक आहे. दिल्लीतलं एपीएस कार्यालय तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत का हे तपासतं. शुल्क १८,००० रुपये. पैसे भरल्याचा पुरावा अर्जासोबत लागतो. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. पीएच.डी.ला जाणाऱ्यांना आणि जर्मन किंवा युरोपीय सरकारी शिष्यवृत्तीधारकांना सूट आहे.

अनेक आठवडे लागतात, हंगामात त्याहून जास्त. आणि बऱ्याच विद्यापीठांना ते अर्जासोबतच हवं असतं. म्हणून आयईएलटीएसची वाट न बघता हा अर्ज सर्वांत आधी पाठवा. अडकतो तो मुख्यतः दोन कारणांनी: एखाद्या सत्राची गुणपत्रिका नसणं, आणि नावांतला फरक.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यांना येतो. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दिलेल्या नावात वडिलांचं नाव असेल किंवा नसेलही. प्रत्येक ऑनलाइन अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा, अक्षर न अक्षर. गुणपत्रिकेवर स्पेलिंग वेगळं असेल, लग्नानंतर नाव बदललं असेल, किंवा पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर आताच दुरुस्त करून घ्या. निदान एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. प्रवेशपत्र आल्यावर पासपोर्ट बदलायला गेलात तर व्हिसाची तारीख हातची जाते.

इंग्रजी कागदांना भाषांतर लागत नाही. फक्त मराठीत असलेला एखादा दाखला असेल तर अधिकृत भाषांतर करून घ्या.

अर्ज कुठे आणि कधी

प्रत्येक विद्यापीठाची वाट वेगळी. आखेनला त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर थेट अर्ज. टीयू बर्लिन आणि टीयू ड्रेस्डेनला परदेशी पदवीधरांचे अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात. टीयू म्युनिकला दोन्ही लागतं: युनि-असिस्टकडून व्हीपीडी नावाचा पूर्वतपासणीचा दाखला घ्यायचा आणि अर्ज म्युनिकच्या पोर्टलवर करायचा. व्हीपीडी त्या-त्या विद्यापीठापुरता असतो, दुसरीकडे चालत नाही.

युनि-असिस्टचं शुल्क एका सत्रात पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. पैसे जमा झाल्याशिवाय ते फाईल उघडत नाहीत. तपासणीला चार ते सहा आठवडे धरा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अपलोड केलं आणि एक गुणपत्रिका राहिली, तर "अपूर्ण" असा शेरा मुदत संपल्यावर मिळतो. मुदतीच्या आठ आठवडे आधी पाठवलेल्या अर्जाला दुरुस्तीची संधी मिळते.

तारखा: हिवाळी सत्राची पारंपरिक मुदत १५ जुलै आणि उन्हाळी सत्राची १५ जानेवारी. पण इंग्रजी मास्टर्सच्या तारखा खूप आधीच्या असतात. आखेनच्या बऱ्याच मास्टर्सना युरोपीय संघाबाहेरच्यांसाठी १ मार्च आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावरची तारीख लिहून ठेवा, विद्यापीठाच्या मुख्यपृष्ठावरची नव्हे. डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या माहितीकोशात अभ्यासक्रम शोधायला सोपं जातं, तारीख मात्र विद्यापीठाकडूनच पक्की करा.

आत्मवृत्त तक्त्यासारखं, महिन्या-वर्षासह, मध्ये रिकामा काळ न ठेवता लिहा. निवेदनात लहानपणापासूनची यंत्रांची आवड सांगू नका. प्रकल्पात काय केलं, कोणत्या विषयात पुढे जायचं आणि त्यासाठी याच अभ्यासक्रमातले कोणते विषय लागतील, हे नावानिशी लिहा.

प्रवेशपत्र आल्यावर

प्रवेशपत्र, म्हणजे त्सुलासुंग, आल्यावर त्यावरच्या अटी वाचा. "अंतिम पदवी प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत" अशी ओळ असेल तर आपल्या विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभाची वाट बघत बसू नका. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र लगेच काढा आणि ते चालतं का हे विचारून घ्या. जागा स्वीकारण्याची मुदतही असते, ती चुकली तर जागा दुसऱ्याला जाते.

पैशांचा पुरावा म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे दरमहा ९९२. ही रक्कम सरकार बदलत असतं, खातं उघडण्याच्या दिवशी दूतावासाच्या पानावर बघा. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर रक्कम एकरकमी पाठवायची आहे हे मंजुरीच्या वेळीच सांगून ठेवा. विनिमय दर आणि बँकेचे आकार धरून थोडे जास्तच पाठवा. काही युरो कमी पडले तरी खात्याचं पुष्टिपत्र निघत नाही.

व्हिसा राष्ट्रीय प्रकारचा, शुल्क ७५ युरो. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट, भाषेचा पुरावा, प्रवासविमा आणि निवेदन लागतं. इथलं निवेदन आणि विद्यापीठाला दिलेलं निवेदन एकमेकांशी विसंगत नको. व्हिसा नाकारल्यावर फेरविचाराची जी जुनी सोय होती ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दाद, एवढंच उरतं. पहिलाच अर्ज पूर्ण असला पाहिजे.

राहायच्या जागेसाठी श्टुडिएरेन्डनवेर्क या संस्थेच्या वसतिगृहांच्या प्रतीक्षायादीत प्रवेशपत्र येताच नाव घाला. म्युनिकसारख्या शहरात यादी लांबच लांब असते. घर न दाखवता आगाऊ भाडं मागणाऱ्याला पैसे पाठवू नका.

पोहोचल्यावर

प्रवेशपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. विद्यापीठात नाव नोंदवायला मूळ गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, सत्राचं अंशदान भरल्याचा पुरावा आणि आरोग्यविम्याची पुष्टी लागते. ही पुष्टी टेके, आओके, बार्मर अशी सरकारी विमा संस्था विद्यापीठाला ऑनलाइन पाठवते. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सवलतीचा दर मिळतो. तिशी ओलांडलेल्यांनी खर्चाचा वेगळा हिशेब करावा. व्हिसासाठी काढलेला स्वस्त प्रवासविमा नोंदणीला चालत नाही.

मूळ कागद हातातल्या बॅगेतच न्या, सामानात देऊ नका.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं ठरावीक पत्र लागतं, करारनामा पुरत नाही. हे पत्र देणार का, असं खोली घेण्याआधीच विचारा. मग परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी वेळ मागा. मोठ्या शहरांत ही वेळ महिन्यांनी मिळते, म्हणून व्हिसा संपायची वाट न बघता पहिल्याच महिन्यात अर्ज टाका आणि टाकल्याची पोच जपा. त्या परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि विद्यापीठातलं विद्यार्थी-सहायकाचं काम या मर्यादेत धरलं जात नाही.